वादळानंतरचा विमा दावा : सही करण्यापूर्वी अहवाल मागा

वाचकाचे पत्र

आमचे घर दापोली तालुक्यात आहे. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पुढच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या पुढच्या उताराची, कौले आणि वासे गेले. सरकारी मदतीत स्वतःचे पैसे घालून आम्ही ते नव्याने केले आणि त्यानंतर यजमानांच्या नावे ‘भारत गृह रक्षा’ ही पॉलिसी घेतली. तिचा हप्ता दर वर्षी वेळेवर भरला आहे. यंदा मे महिन्याच्या सुरुवातीच्या वादळी पावसात शेजारच्या वाडीतला माड आमच्या मागच्या पडवीवर पडला, दोन्ही पाख्यांची कौले उडाली आणि घरात पाणी शिरले. आम्ही छपराचे १,८०,००० रुपये, फ्रिज, टीव्ही व इन्व्हर्टरचे ५२,००० आणि आमच्या वाडीतील माड-पोफळींचे ४८,००० असा एकूण २,८०,००० रुपयांचा दावा केला. सर्व्हेअर आले, थोडे फोटो काढून गेले. आता कंपनी फक्त छपरापोटी ८४,००० रुपये देऊ करते आहे आणि तेही ‘पूर्ण व अंतिम’ अशा कागदावर सही केल्यावर. घर पन्नास वर्षांचे आहे, लाकडाला वाळवी आहे, वस्तूंची बिले नाहीत, अशी कारणे फोनवर सांगितली. घरपट्टी अजून दिवंगत सासऱ्यांच्या नावे असल्यामुळे वारसा प्रमाणपत्रही मागितले आहे. एजंट म्हणतात, सही करून टाका, नाही तर हेही जातील. सासूबाई सध्या गावातच भाड्याच्या खोलीत राहतात आणि पाऊस तोंडावर आला आहे. काय करावे?

— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आज सही करू नका, पण रक्कम नाकारल्याचेही कळवू नका. आधी कंपनीला एक साधा ई-मेल पाठवून सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत आणि ८४,००० हा आकडा कसा निघाला याचा बाबवार तक्ता मागा. आपल्याला आतापर्यंत जी कारणे मिळाली आहेत ती सगळी फोनवरची आहेत आणि फोनवरच्या कारणाला उत्तर देता येत नाही. तेच कारण कागदावर आले की ते पॉलिसीच्या कोणत्या कलमाला धरून आहे हे सांगणे कंपनीला भाग पडते, आणि माझा अनुभव असा की पुष्कळ कपाती या टप्प्यावरच विरघळू लागतात.

सर्व्हेअरविषयी थोडे स्पष्ट करतो, कारण आपल्या पत्रात त्यांच्याबद्दल राग दिसतो. विमा कायद्याप्रमाणे ठरावीक रकमेपुढच्या नुकसानीची पाहणी परवानाधारक सर्व्हेअरकडून करून घ्यावी लागते. आपल्या दाव्यासारख्या मालमत्तेच्या दाव्यांसाठी ही मर्यादा १,००,००० रुपये आहे. त्यांची नेमणूक कंपनी करते आणि शुल्कही कंपनीच देते, हे खरे. पण नुकसान कशामुळे झाले आणि ते भरून काढायला वाजवी खर्च किती येईल, या दोनच प्रश्नांची उत्तरे त्यांना द्यायची असतात आणि अहवालाची प्रत विमाधारकालाही मिळायला हवी असा नियम आहे. वादळानंतरच्या आठवड्यात एकेका सर्व्हेअरकडे डझनभर घरे असतात, त्यामुळे त्यांच्या हाती आपण जे देतो तेच बहुधा अहवालात उतरते आणि जे देत नाही ते राहून जाते. अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नाही, तो ना विमा कंपनीला बांधून ठेवतो ना विमाधारकाला, असे सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या प्रकरणात २००९ मध्येच सांगितले आहे. तेव्हा एजंटांच्या बोलण्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

आता छपराकडे येऊ, कारण आपल्या दाव्याचा खरा जीव तेथे आहे. कंपनीने १,८०,००० चे ८४,००० करताना दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या आहेत असे दिसते. छप्पर कशामुळे कोसळले हा एक प्रश्न आणि कोसळलेले छप्पर आधी कोणत्या स्थितीत होते हा दुसरा. आपल्या पॉलिसीत वादळ, चक्रीवादळ, पूर यांच्यामुळे झालेले नुकसान जसे येते, तसेच झाड किंवा अन्य बाहेरची वस्तू घरावर पडून झालेले नुकसानही येते. माड शेजाऱ्याचा होता म्हणून काही बिघडत नाही. वाळवी लागलेला वासा माडाखाली मोडला, तर तो माडामुळेच मोडला. वाळवीमुळे त्या वाशाची किंमत कमी धरता येईल, परंतु नुकसानीचे कारण वाळवी होते असे म्हणून ती बाब दाव्यातून काढून टाकता येणार नाही, अर्थात वाऱ्याविना आणि माडाविनाही तो वासा त्याच दिवशी खाली आला असता असे सर्व्हेअर दाखवून देत नाहीत तोवर. मोडलेल्या वाशांचे तुकडे अजून परसात पडले असतील तर ते जाळू नका, सुताराला नेऊ देऊ नका. ताजा मोड आणि वाळवीने पोखरलेला भाग डोळ्यांना वेगळे दिसतात. मोडाचे जवळून फोटो घ्या आणि जाणत्या सुताराकडून दोन ओळींचा लेखी अभिप्राय घ्या.

मागच्या पडवीबद्दल मात्र मी आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. ते लाकूड खरोखर जुने असेल तर तेथे काही कपात सोसावी लागेल. पुढच्या पाख्याची गोष्ट वेगळी आहे. घर पन्नास वर्षांचे म्हणून सबंध छप्पर पन्नास वर्षांचे, असा सरसकट हिशेब सर्व्हेअरने धरला असेल तर तो चुकीचा आहे आणि ते सिद्ध करणारा कागद आपल्याकडे आधीपासून आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले आणि त्यानंतर रायगड व रत्नागिरी जिल्ह्यांत घरोघर पंचनामे झाले. आपल्याला सरकारी मदत मिळाली म्हणजे आपल्या घराचाही पंचनामा झालाच आहे. त्यात पुढच्या पाख्याचे नुकसान नोंदलेले असणार. तलाठी कार्यालयातून किंवा तहसील कचेरीतून त्याची नक्कल काढा, मदतीची रक्कम जमा झाल्याचा बँक पासबुकचा उतारा जोडा, आणि कौले, वासे, रिपा यांची त्या वेळची जी बिले मिळतील ती लावा. बिले नसतील तर ज्या गवंड्याने आणि सुताराने काम केले त्यांचे सहीनिशी पत्र चालते. जुने छप्पर २०२० मध्ये गेले आणि त्या जागी नवे आले, हे सांगणारा याहून भक्कम पुरावा दुसरा नाही, आणि तो आपण दाव्याबरोबर दिलेला दिसत नाही.

याच्या जोडीला कंपनीला नेमका प्रश्न विचारा : घसारा, म्हणजे वस्तू जुनी झाली म्हणून किमतीत केलेली कपात, पॉलिसीच्या कोणत्या अटीनुसार लावला? ‘भारत गृह रक्षा’ ही विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ठरवून दिलेली प्रमाणित पॉलिसी असून १ एप्रिल २०२१ पासून ती सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. तिचा मजकूर कंपनीगणिक बदलत नाही. तीत घराची विमारक्कम चटई क्षेत्रफळ आणि बांधकामाचा चालू दर यांच्या गुणाकारावर ठरते आणि दुरुस्तीसाठी नुकसानीपूर्वी घर जसे होते साधारण त्याच स्थितीला आणण्याचा वाजवी खर्च देय असतो. शिवाय विमारक्कम कमी होती म्हणून दावा त्या प्रमाणात कापण्याची मुभा या पॉलिसीत कंपनीला नाही. (ज्या वाचकांकडे अजून जुन्या पद्धतीची अग्निविमा पॉलिसी आहे त्यांनी येथे लक्ष द्यावे. तेथे २० लाखांच्या घराचा १० लाखांचाच विमा काढला असेल, तर २ लाखांच्या नुकसानीला १ लाखच मिळतो.)

वस्तूंचे पूर्ण ५२,००० नाकारले आहेत, ते मला सर्वांत कमकुवत वाटते. या पॉलिसीत घराचा विमा काढला की घरातील सर्वसाधारण सामानाला घराच्या विमारकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांच्या मर्यादेत, आपोआप संरक्षण असते. त्यासाठी वस्तूंची यादी आधी द्यावी लागत नाही. कोकणातल्या किती घरांत दहा वर्षांपूर्वीच्या फ्रिजचे बिल सापडेल, हे कंपनीलाही ठाऊक असते. कागदपत्रांच्या अभावी दावा नाकारू नये आणि दाव्याशी थेट संबंध असलेलीच कागदपत्रे मागावीत, असे नियामकाच्या जून २०२४ च्या परिपत्रकात म्हटले आहे. तरीही आपण हात जोडून बसू नका. वस्तू घरात होत्या हे दाखवायला गणपतीतले फोटो काढून बघा. मखराच्या मागे नाही तर बाजूला टीव्ही आणि फ्रिज बहुधा दिसतातच. फ्रिजच्या मागील पट्टीवरचा अनुक्रमांक टिपून घ्या, हप्त्यावर घेतलेल्या वस्तूचा कर्जाचा तक्ता शोधा, आणि तालुक्याच्या ठिकाणच्या दुरुस्ती कारागिराकडून ‘पाणी शिरल्याने निकामी, दुरुस्ती अशक्य किंवा खर्च इतका’ असा दाखला घ्या. एखादी वस्तू दुरुस्त होण्यासारखी असेल तर तसेच सांगा. खोटा आकडा एकच निघाला तरी बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचा विश्वास जातो.

माड-पोफळींचे ४८,००० नाकारले, ते मात्र कंपनीने योग्य केले. हा घराचा विमा आहे, झाडे त्यात येत नाहीत. ती बाब स्वतःहून मागे घेत असल्याचे आपल्या पत्रातच लिहा. त्याने आपले काही जात नाही आणि उरलेल्या मागणीला वजन येते. झाडांच्या नुकसानीसाठी महसूल आणि कृषी खात्याचा पंचनामा हाच रस्ता आहे, आणि तो झाला नसेल तर तलाठी आणि कृषी सहायक यांच्याकडे आजच लेखी अर्ज द्या. त्या पंचनाम्यात घराचेही नुकसान नोंदवून घ्या, कारण वादळाच्या तारखेचा तो सरकारी पुरावा विमा दाव्यातही उपयोगी पडतो. वाऱ्याविषयी कंपनीने शंका काढली, तर महसूल मंडळांत बसवलेल्या ‘महावेध’ हवामान केंद्रांवर पावसाबरोबर वाऱ्याच्या वेगाचीही नोंद होते. आपल्या मंडळाची त्या दिवशीची नोंद कृषी कार्यालयात विचारता येईल.

आपण न मागितलेल्या पैशांकडेही मी लक्ष वेधतो. सासूबाई भाड्याच्या खोलीत राहत आहेत; घर राहण्यायोग्य नसताना पर्यायी निवासाचे भाडे या पॉलिसीत देय आहे. भाड्याची साधी पावती आणि घर राहण्यायोग्य नव्हते हे दाखवणारे फोटो जोडा. मोडतोड उचलून नेण्याचा खर्च दाव्याच्या रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत आणि अभियंता किंवा वास्तुविशारद लागला असेल तर त्याचे शुल्क ५ टक्क्यांपर्यंत मिळते. पडवी, कुंपणाचा गडगा, फाटक, पाण्याची पक्की टाकी हे सारे ‘घर’ या व्याख्येत मोडते, तेव्हा माड पडताना गडग्याचे चिरे ढासळले असतील तर तेही लिहा. नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत दावा अर्ज द्यावा अशी अट असते. आपल्या पत्राची तारीख पाहता ती मुदत अजून संपलेली नाही, म्हणून पुरवणी दावा या आठवड्यातच ई-मेलने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

वारसा प्रमाणपत्राची मागणी वाचून मला आश्चर्य वाटले. पॉलिसी आपल्या यजमानांच्या नावे आहे, ते हयात आहेत आणि दाव्याची रक्कम त्यांनाच मिळायची आहे. ती सासऱ्यांकडून वारसाने येत नाही. कंपनीला फार तर एवढे विचारता येते की या घरात यजमानांचा विमायोग्य हितसंबंध काय, म्हणजे घराचे नुकसान झाल्यास त्यांचे आर्थिक नुकसान होते का. दिवंगत मालकाचा मुलगा म्हणून तो आहेच. सासऱ्यांचा मृत्यू दाखला, सातबाऱ्यावरील वारस नोंदीचा फेरफार असल्यास त्याची नक्कल, घरपट्टी यजमान भरत असल्याच्या पावत्या आणि सासूबाईंसह इतर वारसांचे ना हरकत प्रतिज्ञापत्र एवढे दिले की हा मुद्दा संपायला हवा. एक गोष्ट मात्र आधी तपासा : पॉलिसी घेताना भरलेल्या प्रस्ताव अर्जात मालकीच्या रकान्यात काय लिहिले आहे? एजंटाने घाईत ‘एकमेव मालक’ असे भरले असेल, तर ते लपवू नका. वस्तुस्थिती आपणहून सांगा, कारण कंपनीने ती नंतर शोधून काढली तर प्रकरणाला वेगळेच वळण लागते. आणि या निमित्ताने ग्रामपंचायतीत घराच्या उताऱ्यावर वारसांची नावे लावून घ्या. कोकणातल्या सामाईक घरांत हे काम पिढ्यान्‌पिढ्या राहून जाते आणि वादळ आले की आठवते.

दुरुस्तीसाठी सर्व्हेअरच्या दुसऱ्या फेरीची वाट पाहू नका. नुकसान वाढू न देणे ही विमाधारकाचीच जबाबदारी आहे. ताडपत्रीखाली जून काढला आणि भिंती भिजल्या, तर ते वाढीव नुकसान कंपनी आपल्याच माथी मारील. काम सुरू होण्यापूर्वी ‘अमुक तारखेला दुरुस्ती सुरू करत आहोत, पुन्हा पाहणी करायची असल्यास त्याआधी करावी’ असा ई-मेल पाठवा, मध्ये दोन-तीन दिवस ठेवा, प्रत्येक पाख्याचे आतून-बाहेरून फोटो आणि सलग चित्रफीत घ्या, फुटक्या कौलांचा ढीगही त्यात येऊ द्या आणि मग कामाला लागा. सुतार, गवंडी, साहित्य यांची बिले वेगवेगळी घ्या, आणि पुढचा पाखा व मागची पडवी यांचा खर्चही स्वतंत्र लिहून घ्या. हा शेवटचा तपशील कंटाळवाणा वाटेल, परंतु घसाऱ्याचा वाद त्यावरच सुटणार आहे.

पैशांची नड आहे हे मी समजतो. म्हणून कंपनीला लिहा की ८४,००० रुपये वादात नाहीत, ते अंशतः भरपाई म्हणून आता द्यावेत आणि उरलेल्या बाबींचा पुनर्विचार करावा. कंपनी सहीशिवाय काहीच देत नसेल आणि छपरासाठी पैसे लागणारच असतील, तर डिस्चार्ज व्हाउचरवर, म्हणजे त्या ‘पूर्ण व अंतिम’ कागदावर, सहीच्या वर स्वतःच्या हाताने ‘विरोध नोंदवून, अंशतः रक्कम म्हणून स्वीकारले’ असे लिहा, त्याचा फोटो काढा आणि त्याच दिवशी ई-मेलने तोच विरोध पुन्हा कळवा. डिस्चार्ज व्हाउचरवर सही केली म्हणून अधिक भरपाई मागण्याचा विमाधारकाचा हक्क संपत नाही, असे नियामकाने २०१५ मध्ये कंपन्यांना बजावले आहे. दबावाखाली घेतलेली सही ग्राहक न्यायालये मानत नाहीत, परंतु दबाव होता हे दाखवण्याची जबाबदारी आपल्यावर येते. महिनाभर गप्प राहून नंतर केलेली तक्रार तेथे टिकणे अवघड जाते.

कंपनी ऐकत नसेल तर पुढची पायरी कंपनीच्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याची आहे. त्यांच्याकडे लेखी तक्रार करा आणि सोबत नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळावरही नोंदवा. दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेअरची नेमणूक, नेमणुकीपासून १५ दिवसांत अहवाल आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत निर्णय, अशा मुदती २०२४ च्या त्याच परिपत्रकात आहेत. आपल्या प्रकरणात त्या पाळल्या गेल्या का, हे तारखांसह तक्रारीत मांडा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालांकडे जा. तेथे ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे चालतात, शुल्क नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतच नाही, आणि तक्रार एका वर्षाच्या आत करावी लागते. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, आपल्यावर नाही, आणि कंपनीने तो ३० दिवसांत पाळला नाही तर तिला दिवसाला ५,००० रुपये दंड भरावा लागतो. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही दोन वर्षांपर्यंत खुला असतो, मात्र तेथे प्रकरण दाखल केले की लोकपाल ते हाती घेत नाहीत. आपल्या दाव्याचा आकार आणि कागदांचे स्वरूप पाहता मी आधी लोकपालांकडेच जाईन. आयोगाच्या तारखा लांबतात.

पॉलिसीचे नूतनीकरण या वादामुळे चुकवू नका. ते करताना मागची पडवी लोखंडी जाळी लावून खोलीसारखी बंदिस्त केली असेल तर क्षेत्रफळ पुन्हा मोजून घ्या, कारण चटई क्षेत्र १० टक्क्यांहून अधिक वाढले आणि ते कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवले नसेल, तर त्या वाढीव भागाला संरक्षण मिळत नाही. सासूबाई पुढे ठाण्याला राहायला येणार असतील तर घर किती दिवस बंद राहणार हेही कंपनीला लेखी कळवावे. सलग महिनाभर बंद राहिलेल्या घरांबाबत काही पॉलिसींत वेगळी अट असते, आणि गणपती-शिमग्यालाच कुलूप उघडणाऱ्या चाकरमान्यांच्या घरांना ती हमखास लागू पडते.